आवडतो, आवडते, आवडतं

मराठीत प्रेमाची कबुली देताना एक गोची होते. 'मी प्रेम करते' असे म्हटले तर क्रियापद माझे लिंग सांगते, पण असे वाक्य प्रत्यक्षात फारसे कोणी बोलत नाही. आपण म्हणतो 'मला तो आवडतो' किंवा 'मला ती आवडते', आणि तिथे क्रियापद माझ्याकडे ढुंकूनही पाहत नाही. मी 'मला' होऊन बाजूला उभी राहते आणि ज्या माणसावर जीव जडला त्याचे लिंग क्रियापद परस्पर जाहीर करून टाकते. सर्वनाम गाळले तरी सुटका नाही, कारण 'आवडतो' आणि 'आवडते' ही रूपे एकेकटीही पुरेशी बोलकी आहेत.

विशीत मी यातून वाट काढली ती 'व्यक्ती' या शब्दाच्या आडोशाने. हा शब्द स्त्रीलिंगी आहे आणि तो कोणालाही लावता येतो. आधी एका मुलाबद्दल आणि दोन वर्षांनी एका मुलीबद्दल बोलताना मी मैत्रिणींसमोर 'एक व्यक्ती आहे, ती फार वाचते, ती पटकन रागावते' अशीच वाक्ये रचली. मुलाच्या वेळी ते व्याकरण होते, मुलीच्या वेळी ते सत्य होते. ऐकणाऱ्यांना मात्र दोन्ही वेळा व्याकरणच ऐकू आले. 'मग तो काय म्हणाला?' हा प्रश्न दोन्ही वेळा सारख्याच सहजतेने आला, आणि दुसऱ्या वेळी मी तो दुरुस्त केला नाही.

हे सगळे आठवायचे कारण माझी १९ वर्षांची भाची. मी उभयलैंगिक, म्हणजे बायसेक्शुअल, आहे, मला एकाहून अधिक लिंगांची माणसे आवडतात, हे तिला बऱ्याच वर्षांपासून ठाऊक आहे आणि आमच्यात त्याविषयी आडपडदा नाही. गेल्या वर्षी एकदा बोलता बोलता ती म्हणाली, 'मावशी, मी पॅन आहे.' पॅन म्हणजे पॅनसेक्शुअल, प्रेमात पडताना समोरच्याचे लिंग न पाहणारी. मी म्हटले, 'म्हणजे बायच ना?' तिने जोरात मान हलवली. 'नाही गं. तुला दोन चालतात. मला फरकच पडत नाही.'

'दोन चालतात' हे शब्द मला झोंबले. मी तिला तिथल्या तिथे बरेच काही सुनावले आणि त्यातले निम्मे चुकीचे होते, हे मला रात्रीपर्यंत कळून चुकले. तिचे वाक्यही निम्मे चुकीचे होते. कोणते निम्मे, हे शोधण्यात माझे पुढचे काही महिने गेले.

मुळात 'उभयलिंगी' हा शब्द माझ्यासारख्यांसाठी घडलेलाच नाही. तो शाळेत भेटतो तो फुलांच्या धड्यात: ज्या फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात ते उभयलिंगी, जसे जास्वंदीचे. पुढच्या धड्यात गांडूळ येते, तेही उभयलिंगी. इंग्रजीतल्या 'बायसेक्शुअल' या शब्दाची कुळकथाही हीच आहे. एकोणिसाव्या शतकात तो वनस्पतींच्या आणि प्राण्यांच्या शरीररचनेविषयी वापरला जात होता. एकाच देहात नर आणि मादी ही दोन्ही लक्षणे असणे एवढाच त्याचा अर्थ होता. क्राफ्ट-एबिंग या मनोविकारतज्ज्ञाच्या १८८६ मधील जर्मन ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १८९२ मध्ये आला, त्या सुमारास हा शब्द देहावरून आकर्षणाकडे सरकू लागला. म्हणजे ज्या 'दोन'वरून माझी भाची मला खिंडीत गाठू पाहत होती, ते दोन सुरुवातीला प्रेमपात्रांची संख्या नव्हतेच. ते एका फुलातले दोन अवयव होते. मराठीत निदान ही गल्लत टाळण्याची सोय आहे. देहाविषयी बोलायचे तर उभयलिंगी आणि आकर्षणाविषयी बोलायचे तर उभयलैंगिक, हा फरक मी हट्टाने पाळते. गांडुळाशी माझे काही वैर नाही, पण त्याच्या पंक्तीला बसून मला माझ्या प्रेमाविषयी काही सांगता येत नाही.

'पॅन'चा जन्म तर भांडणात झाला. ग्रीक भाषेत 'पॅन' म्हणजे सर्व, आणि माणसाच्या प्रत्येक वागण्यामागे लैंगिक प्रेरणाच असते असे मनोविश्लेषक फ्रॉइड मानतो, असा त्याच्या विरोधकांचा आरोप होता. त्या आरोपालाच 'पॅनसेक्शुअॅलिझम' म्हणत. फ्रॉइडने १९२० मध्ये आपल्या लैंगिकताविषयक निबंधांच्या नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत या आरोपाचा त्रासिक समाचार घेतला आहे. गंमत अशी की प्रत्येक माणूस जन्मतः काही अंशी उभयलैंगिक असतो ही कल्पनाही त्याच निबंधांत आहे. म्हणजे भाचीचा शब्द ही मुळात एक शिवी होती आणि माझा शब्द वनस्पतिशास्त्रातली संज्ञा होती. दोघींपैकी कोणालाही आपल्या शब्दाच्या व्युत्पत्तीवर स्वतःची व्याख्या उभी करता येणार नाही, असे माझे मत आहे. उपसर्ग तोडून अर्थ काढायचा झाला तर 'सप्टेंबर' हा सातवा महिना ठरेल.

आकर्षण मोजण्याचे प्रयत्न मात्र मनापासून झाले आहेत. माणसांच्या लैंगिक वर्तनाचे अमेरिकी संशोधक आल्फ्रेड किन्झी यांनी १९४८ मध्ये पुरुषांविषयीचा आणि १९५३ मध्ये स्त्रियांविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला. ० म्हणजे केवळ भिन्नलिंगी आणि ६ म्हणजे केवळ समलिंगी, अशी त्यांची पट्टी होती. माणसे दोन कप्प्यांत विभागलेली नसून एका सलग रेषेवर पसरलेली आहेत, हे त्यांनी लोकांच्या गळी उतरवले. पण एकाच रेषेचा तोटा असा की एका टोकाकडे सरकायचे तर दुसऱ्या टोकापासून दूर जावेच लागते. जणू स्त्रिया अधिक आवडू लागल्या की पुरुष तेवढ्याच मापाने कमी आवडायला हवेत. १९८० मध्ये मायकेल स्टॉर्म्स या मानसशास्त्रज्ञाने ही रेषा मोडून दोन स्वतंत्र अक्ष सुचवले. त्यात दोन्ही ओढी एकाच वेळी तीव्र असू शकतात किंवा दोन्ही क्षीण असू शकतात, आणि त्यामुळे अलैंगिक माणसांनाही आलेखावर हक्काची जागा मिळाली.

या दोहोंच्या मधल्या काळात, १९७८ मध्ये, फ्रिट्झ क्लाइन या मनोविकारतज्ज्ञाने एक तक्ता मांडला होता. मी तो कागदावर आखून पेन्सिलीने भरला आहे, म्हणून त्याच्याविषयी थोडे सविस्तर सांगते. डावीकडे सात ओळी असतात: लैंगिक आकर्षण, प्रत्यक्ष वर्तन, कल्पनाविश्व, भावनिक पसंती, कोणाच्या सहवासात राहणे आवडते, जीवनशैली आणि स्वतःची स्वतःला पटलेली ओळख. वर तीन रकाने असतात: भूतकाळ, वर्तमान आणि आदर्श. एकूण २१ चौकोन, आणि प्रत्येकात १ ते ७ मधला एक आकडा. १ म्हणजे केवळ दुसऱ्या लिंगाचे, ७ म्हणजे केवळ स्वतःच्या लिंगाचे आणि ४ म्हणजे दोन्ही समान. माझ्या भावनिक पसंतीच्या ओळीत सगळीकडे ६ पडले. कल्पनाविश्वात ४. भूतकाळातल्या जीवनशैलीत १, कारण त्या काळात माझ्या भोवती दुसऱ्या तऱ्हेचे जगणारे कोणी असेल तर तेही 'व्यक्ती'च्या आडोशालाच उभे असणार. एकाच बाईच्या नावावर पडलेले हे वेगवेगळे आकडे पाहून मला इतके हायसे वाटले की मी तो कागद बरेच दिवस जपून ठेवला. आपण अर्धवट आहोत की गोंधळलेल्या, या प्रश्नाचे उत्तर त्या कागदात होते: मी एकवीस ठिकाणी निरनिराळी आहे.

भांडण झाल्यावर काही दिवसांनी मी तोच कोरा तक्ता भाचीपुढे ठेवला. तिने पहिल्या चौकोनात ४ लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले आणि पुन्हा खोडले. 'हे माझं नाहीये,' ती म्हणाली. मी समजावू लागले की ४ म्हणजे दोन्ही सारखे, म्हणजे तू म्हणतेस तेच. ती म्हणाली, 'मावशी, दोन्ही पारडी सारखी असणं वेगळं आणि तराजूच नसणं वेगळं.' मी पेन्सिल खाली ठेवली. भांडणाच्या दिवशी तिने 'फरकच पडत नाही' असे म्हटले होते, त्याचा अर्थ मला त्या क्षणी पहिल्यांदा लागला. शिवाय त्या तक्त्यात 'स्वतःचे लिंग' आणि 'दुसरे लिंग' यांखेरीज तिसरे काही नाही, हेही मला तेव्हाच दिसले. जो कागद मला एवढा मोकळा वाटला होता, तो तिला दोन खणांचा वाटला, आणि तिचे बरोबर होते.

मात्र 'तुला दोन चालतात' हे तिचे म्हणणे चूकच होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातील उभयलैंगिक कार्यकर्त्यांनी १९९० मध्ये आपल्या नियतकालिकातून एक जाहीरनामा प्रसिद्ध केला होता. उभयलैंगिकता ही दुहेरी असते, किंवा आम्हाला समाधानासाठी एकाच वेळी दोन्हीकडचे जोडीदार लागतात, असे गृहीत धरू नका, असे त्यांनी त्यात बजावले. आणि पुढे जाऊन, लिंगभाव, म्हणजे माणसाची स्त्री, पुरुष किंवा आणखी काही असण्याची ओळख, दोनच असतात असेही धरून चालू नका, असेही लिहिले. भाचीच्या जन्माच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. रॉबिन ऑक्स या अमेरिकी कार्यकर्तीची व्याख्याही याच वळणाची आहे. तिच्या मते उभयलैंगिक असणे म्हणजे एकाहून अधिक लिंगांच्या किंवा लिंगभावांच्या माणसांकडे ओढले जाण्याची शक्यता स्वतःत मान्य करणे. ही ओढ एकाच वेळी, एकाच तऱ्हेने किंवा एकाच मापात असेल असे मात्र नाही. या व्याख्येतला 'शक्यता' हा शब्द मला विशेष मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे कोणाला पुरावे सादर करत बसावे लागत नाही. ज्या मुलीने अजून कोणाचा हातही धरलेला नाही, तीही उभयलैंगिक असू शकते. आणि जिचा वीस वर्षे एका पुरुषाशी संसार चालू आहे, तीही असू शकते.

'एकाहून अधिक' आणि 'लिंग पाहत नाही' या दोन वर्तुळांचा बराचसा भाग एकमेकांवर पडतो. लिंग न पाहता प्रेमात पडणाऱ्याला एकाहून अधिक लिंगांची माणसे आवडू शकतात हे उघड आहे, म्हणून पॅन माणूस बायच्या व्याख्येत सहज बसतो. पुष्कळ जण दोन्ही शब्द आलटून पालटून वापरतात किंवा दोन्ही एकदम लावतात. उलट बाजूने मात्र सगळे बसत नाहीत, आणि इथे मला माझेच उदाहरण द्यावे लागेल.

मला लिंग दिसते. पुरुष आवडतो तेव्हा ती ओढ बहुधा आवाजापासून सुरू होते. तो दुसऱ्या खोलीत कोणाशी तरी बोलत असतो आणि माझे हातातले काम थांबते. स्त्री आवडते तेव्हा मला आधी तिचे लक्ष दिसते. पुस्तकाच्या पानात बोट घालून, ते मिटून, समोरच्याचे पूर्ण ऐकून घेणारी एक बाई मला वर्षभर आवडत होती आणि तिचे ते पुस्तकात अडकलेले बोट मला आजही जसेच्या तसे दिसते. या दोन ओढींचा पोत वेगळा आहे, त्यांची भीती वेगळी आहे, त्यांच्यात मी होते ती बाईही थोडी वेगळी आहे. पुढे माझा एका नॉन-बायनरी, म्हणजे स्वतःला केवळ स्त्री किंवा केवळ पुरुष न मानणाऱ्या, माणसावर जीव जडला. तेव्हा आवाज आणि बोट या दोहोंपैकी एकही खूण उपयोगी पडली नाही, तिसरेच काही घडले, आणि तरीही मला 'बाय' हा शब्द बदलावासा वाटला नाही. माझ्यासाठी लिंग हा प्रेमाचा अडसर नाही, पण ते प्रेमाच्या चवीत उतरते. भाचीच्या बाबतीत ते चवीतही उतरत नाही, असे ती म्हणते. आणि तिच्या जिभेची साक्ष मी देऊ शकत नाही. अर्थात, ज्यांच्या चवीत काहीही उतरत नाही आणि तरीही जे स्वतःला बायच म्हणवतात, अशीही माणसे आहेत. म्हणून अनुभव तपासून शब्द वाटून देण्याचे काम कोणी करू नये.

एका गैरसमजावर मात्र मी आजही अडून बसते. 'बायना पुरुष आणि स्त्रिया आवडतात, पॅनना ट्रान्स माणसेही आवडतात' असे एक सुबक वाक्य सर्रास सांगितले जाते. ट्रान्स किंवा पारलिंगी म्हणजे जन्माच्या वेळी नोंदलेल्या लिंगाहून ज्यांची ओळख वेगळी आहे ती माणसे. ते ऐकायला उदार वाटते, पण नीट पाहिले तर त्यात पारलिंगी स्त्रीला स्त्रियांच्या यादीतून काढून वेगळ्या ओळीत बसवलेले आहे. ट्रान्स स्त्री ही स्त्री आहे आणि ट्रान्स पुरुष हा पुरुष आहे. ते कोणाला आवडू शकतात हे ठरवायला नव्या शब्दाची गरज नाही. भाचीला हे मी सांगितले तेव्हा तिने मान्य केले, आणि हे वाक्य तिने स्वतः कधी उच्चारलेच नव्हते याची मला आठवणही करून दिली.

दोन्ही झेंडे शेजारी ठेवून पाहिले की आणखी एक मजा कळते. उभयलैंगिकांचा झेंडा मायकेल पेज यांनी १९९८ मध्ये तयार केला: वर गुलाबी, खाली निळा आणि मध्ये जांभळा अरुंद पट्टा. गुलाबी म्हणजे स्वतःच्या लिंगाचे आकर्षण, निळा म्हणजे वेगळ्या लिंगाचे, आणि जांभळा म्हणजे दोन्ही मिसळतात ती जागा. यात स्त्री-पुरुष असा उल्लेखच नाही. आपल्यासारखे आणि आपल्याहून वेगळे, एवढेच त्यातले 'दोन'. पॅनसेक्शुअल झेंडा २०१० च्या सुमारास इंटरनेटवर आला, आणि त्यातला गुलाबी पट्टा स्त्रियांचा, निळा पुरुषांचा आणि पिवळा या दोन्हींत न बसणाऱ्यांचा मानला जातो. ज्यांना लिंग दिसत नाही त्यांच्या झेंड्यावर लिंगांची यादी, आणि ज्यांच्यावर दोनच मोजल्याचा आरोप, त्यांच्या झेंड्यावर एकाचेही नाव नाही.

या सगळ्या चर्चेत मी एवढी हळवी का झाले, याचे कारण त्या 'दोन'हून जुने आहे. पुरुषाबरोबर असले की मी भिन्नलैंगिक ठरते, स्त्रीबरोबर असले की समलैंगिक, आणि एकटी असले की अजून ठरायची आहे. शास्त्रानेही यात भर घातली होती. २००५ मध्ये एका प्रयोगाने, पुरुषांच्या शारीरिक उत्तेजनाची मोजमापे घेऊन, स्वतःला उभयलैंगिक म्हणवणाऱ्या पुरुषांचा शारीरिक प्रतिसाद बहुतेक वेळा एकाच लिंगाकडे झुकलेला असतो असा निष्कर्ष काढला, आणि हे पुरुष खोटे बोलतात असा सूर वर्तमानपत्रांत उमटला. २०२० मध्ये अनेक अभ्यासांतील माहिती एकत्र करून नवा शोधनिबंध आला आणि त्याने पुरुषांमधील उभयलैंगिकतेचा पुरावा भक्कम असल्याचे सांगितले. पहिल्या प्रयोगातले काही संशोधकही या निबंधाच्या लेखकांत होते. मत बदलल्याचे असे छापून सांगणाऱ्यांविषयी मला आदर वाटतो, पण मधली पंधरा वर्षे ज्यांनी 'तू नक्की आहेस का?' हे ऐकले, त्यांना ती परत मिळत नाहीत. अमेरिकेत गॅलपच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत स्वतःला एलजीबीटी म्हणवणाऱ्या प्रौढांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी आपण उभयलैंगिक असल्याचे सांगितले. म्हणजे त्या घोळक्यात सर्वाधिक संख्या आमची आणि सर्वांत कमी दिसणारेही आम्हीच. अशा शब्दाची मुठीतली वाळू सुटू नये म्हणून मी मूठ आवळली होती, आणि समोर उभी असलेली मुलगी ती वाळू मागतच नव्हती.

भाचीला मी अजून पॅन म्हणते आणि ती मला बाय म्हणते. कधी दोघींसाठी मिळून बोलायचे झाले तर ती 'बाय प्लस' म्हणते, ज्यात एकाहून अधिक लिंगांकडे ओढले जाणारे सगळेच येतात. मला तो शब्द एखाद्या औषधी गोळीच्या नावासारखा वाटतो, पण चालतो.

मराठीला मात्र मी थोडा कमी न्याय दिला, हे मागच्या महिन्यात तिचा फोन आला तेव्हा लक्षात आले. दारावर थाप पडली की आपण आतून विचारतो, 'कोण आलंय?', आणि खिडकीशी असलेले कोणी सांगते, 'कुणीतरी आलंय.' चेहरा दिसेपर्यंत आपली भाषा येणाऱ्याला नपुंसकलिंगात उभे करते आणि त्यात कोणालाही काही वावगे वाटत नाही. विशीत मी 'व्यक्ती'च्या मागे लपत होते तेव्हा हे रूप माझ्या तोंडी रोज होते, फक्त ते प्रेमासाठी वापरता येईल हे सुचले नव्हते.

'मावशी,' भाची म्हणाली, 'मला कुणीतरी आवडतंय.'

माझ्या ओठांवर 'तो की ती?' येऊन थांबले. सवय जुनी आहे. मी विचारले, 'माणूस कसं आहे?'

'हसतं छान,' ती म्हणाली, 'आणि वेळेवर कधीच येत नाही.'